लॉजिक प्रोग्रॅमिंगवर आजही संशोधन होतं का? बाकीच्या प्रोग्रॅमिंग शैलींशी त्याचं नातं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमसीएला प्रोलॉग ही लॉजिक प्रोग्रॅमिंगची भाषा एका सत्रापुरती शिकलात, आवडली, पण नोकरीच्या जाहिरातींत तिचं नावही दिसत नाही. मग या विषयात अजून संशोधन होतं का, फंक्शनल किंवा ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगशी त्याचा काही संबंध आहे का, आणि पीएचडीसाठी हा विषय घ्यावा का?

लॉजिक प्रोग्रॅमिंग म्हणजे तथ्यं आणि नियम लिहायचे, उत्तर शोधण्याचं काम यंत्रावर सोडायचं. त्यावर संशोधन होतं, आणि भरपूर होतं. पण फक्त 'प्रोलॉग' या नावाने शोधलंत तर त्यातलं फार थोडं दिसेल. मी सोर्स कोडमधले दोष आपोआप शोधणाऱ्या टूलवर काम करते. तिथे आम्ही दिवसभर नियमच लिहीत असतो, पण त्याला कुणी लॉजिक प्रोग्रॅमिंग म्हणत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रोलॉगचा जन्म १९७२ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेला झाला. आलां कोलमेरोर आणि फिलिप रूसेल यांनी ते बनवलं. त्यामागचा तर्कशास्त्राचा विचार एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्कींसोबतच्या चर्चांतून पक्का झाला. त्यात दोन यंत्रणा एकत्र बांधलेल्या आहेत. एक युनिफिकेशन, म्हणजे दोन रचना एकमेकींशी जुळवून मोकळ्या चलांच्या किमती काढणं. दुसरी बॅकट्रॅकिंग, म्हणजे एक वाट बंद पडली की मागे येऊन पुढची वाट धरणं. गेल्या ५० वर्षांतलं बरंचसं संशोधन मला एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतं: या दोन्हींतलं काय ठेवायचं, काय सोडायचं, आणि सोडल्याच्या बदल्यात काय मिळवायचं. इतर शैलींशी असलेलं नातंही याच प्रश्नातून उलगडतं.

आधी मूळ ताकद बघा. दोन याद्या जोडण्याचा हा नियम तुम्ही वर्गात पाहिला असेलच. प्रोलॉगमध्ये चलाचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू होतं. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसल्यामुळे इथे ती नावं अंडरस्कोअरने सुरू केली आहेत. एसडब्ल्यूआय-प्रोलॉग या प्रोलॉगच्या आवृत्तीला हे चालतं. ':-' म्हणजे 'जर', आणि [_म|_श] म्हणजे पहिला घटक _म आणि उरलेली यादी _श.

जोड([], _ब, _ब).
जोड([_म|_श], _ब, [_म|_उ]) :- जोड(_श, _ब, _उ).

आता याला उलटं विचारा:

?- जोड(_क, _ख, [पुणे, नाशिक, सातारा]).

तीन नावांची यादी दोन भागांत तोडण्याचे चारही प्रकार एकामागून एक मिळतात. पहिला भाग रिकामा, मग त्यात फक्त पुणे, मग पुणे-नाशिक, मग तिन्ही. तोडण्यासाठी वेगळा कोड लिहिलेला नाही. जोडणं हे इथे फंक्शन नाही, तीन याद्यांमधला संबंध आहे, आणि तो कोणत्या बाजूने चालवायचा हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या मते या शैलीची सगळ्यात मौल्यवान गोष्ट हीच.

आता दुखरी बाजू:

पूर्वज(_अ, _क) :- पूर्वज(_अ, _ब), पालक(_ब, _क).
पूर्वज(_अ, _क) :- पालक(_अ, _क).

तर्कशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही ओळी बिनचूक आहेत. पण प्रोलॉग पहिली ओळ धरतं, त्यात पुन्हा 'पूर्वज' लागतं म्हणून पुन्हा पहिलीच ओळ धरतं, आणि आत आत जात राहतं. कोवाल्स्कींनी १९७९ मध्ये 'अल्गोरिदम म्हणजे लॉजिक अधिक कंट्रोल' असं सूत्र मांडलं होतं. इथे लॉजिक बरोबर आहे, कंट्रोलने घात केला.

यावरचा एक उपाय म्हणजे डेटालॉग. याद्यांसारख्या वाढत जाणाऱ्या रचना सोडून द्यायच्या आणि वरून खाली शोधत जाण्याऐवजी माहीत असलेल्या तथ्यांपासून सुरुवात करायची. नियम लावत राहायचे, नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. वरचे दोन्ही नियम तिथे कुठल्याही क्रमाने लिहा, उत्तर तेच येतं आणि प्रोग्रॅम थांबतोच. या कामात आपल्याकडच्या लोकांचा मोठा वाटा आहे. डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकावर ज्यांचं नाव तुम्ही पाहिलं असेल ते आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन यांनी रघू रामकृष्णन आणि दिवेश श्रीवास्तव यांच्यासोबत विस्कॉन्सिन विद्यापीठात 'कोरल' ही डिडक्टिव्ह डेटाबेस (साठवलेल्या तथ्यांवरून नियमांनी नवी तथ्यं काढणारी) प्रणाली उभी केली होती. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेच्या १९९९ च्या मानकात रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा वापरणाऱ्या) क्वेरी आल्या, त्यामागचा विचारही याच घराण्यातला. प्रोलॉग न सोडता हेच साधायचं असेल तर टेबलिंग आहे: एकदा विचारलेला प्रश्न आणि त्याची उत्तरं टिपून ठेवायची. न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रुकमध्ये तयार झालेल्या एक्सएसबी या प्रोलॉग प्रणालीमुळे ते रूढ झालं.

माझं रोजचं काम याच डेटालॉगच्या अंगणात चालतं. गिटहबचं कोडक्यूएल, म्हणजे कोडमधले दोष शोधण्यासाठीची क्वेरी भाषा, डेटालॉगवर उभं आहे आणि तुमच्या ऑब्जेक्ट ओरिएंटेडच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात आहे. त्यात क्लास लिहितात, इनहेरिटन्स असतो, मेथड असतात. पण क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवण्याचा साचा नसतो, एखादी अट पूर्ण करणाऱ्या मूल्यांचा संच असतो. सबक्लास म्हणजे आणखी एक अट. जावातून आलेला माणूस तो कोड सहज वाचतो, आणि खाली चालतात ते नियम.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगशी नातं याहून जवळचं आहे. हास्केल किंवा ओकॅमल या फंक्शनल भाषांत तुम्ही टाइप (मूल्य कोणत्या प्रकारचं आहे ते) न लिहिता कंपायलर ते ओळखतो, ते युनिफिकेशनच्या बळावर. रॉबिन मिलनर यांच्या १९७८ च्या पद्धतीत अज्ञात टाइपला चल मानतात आणि कोडमधून निघणारी समीकरणं सोडवतात. हास्केलमध्ये कोणत्या टाइपवर कोणती क्रिया चालते हे टाइप क्लास सांगतो. त्याचा हा नियम बघा: घटकांची तुलना करता येत असेल तर त्यांच्या यादीचीही करता येते. हे सरळ प्रोलॉगचं वाक्य आहे. फक्त इथे बॅकट्रॅकिंग मुद्दाम वगळलं आहे, कारण कंपायलरने उत्तरं आलटून पालटून देणं कुणालाच परवडणार नाही. रस्ट भाषेच्या 'चॉक' या प्रकल्पात ट्रेटचे (तिथल्या टाइप क्लाससारख्या रचनेचे) नियम उघडपणे लॉजिकच्या नियमांत रूपांतरित केले होते, आणि मेमरीचा वापर सुरक्षित आहे का हे तपासणाऱ्या बॉरो-चेकरचा 'पोलोनियस' हा नवा आराखडा डेटालॉगमध्ये मांडला गेला.

काहींनी दोन्ही शैली एकाच भाषेत आणल्या. मेलबर्नच्या मर्क्युरीमध्ये प्रत्येक नियमाचा टाइप, त्यात काय आत जातं आणि काय बाहेर येतं, आणि उत्तरं किती येऊ शकतात, हे आधी सांगावं लागतं. मोकळीक जाते, वेग आणि खात्री मिळते. मिखाएल हानुस यांच्या पुढाकारातून आलेल्या करीमध्ये दिसायला हास्केल आहे, पण फंक्शनला अज्ञात चल देता येतात. आणि हा विचार जुना झालाय असं वाटत असेल तर फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सची व्हर्स ही भाषा बघा. तिच्या गाभ्याचं कॅल्क्युलस, म्हणजे नियमबद्ध गणिती मांडणी, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. लेखकांत हास्केलचे सायमन पेटन जोन्स आहेत, आणि विषय आहे फंक्शनल लॉजिक प्रोग्रॅमिंग.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण मात्र मिनिकॅनरेन. इंडियाना विद्यापीठात डॅनियल फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कीम या भाषेच्या आत बसवलेली ही छोटी भाषा. तिच्या मायक्रोकॅनरेन या धाकट्या रूपाचा गाभा स्कीमच्या ४० पेक्षाही कमी ओळींत मावतो. मिनिकॅनरेनमध्ये स्कीमचाच इंटरप्रिटर (प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम) संबंध म्हणून लिहितात आणि उलटा चालवतात: उत्तर द्यायचं, ते उत्तर देणारा प्रोग्रॅम मागायचा. 'जो चालवल्यावर स्वतःचाच मजकूर देतो असा प्रोग्रॅम दे' असं विचारलं तर तोही शोधून देतो. वरचा यादी तोडण्याचा खेळ तोच आहे, फक्त यादीच्या जागी अख्खी भाषा आली. एका संध्याकाळी स्वतः करून बघा.

काँकरंट (एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या) प्रोग्रॅमिंगची गोष्ट दोन टोकांची आहे. जपानने १९८२ मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकाचा सरकारी प्रकल्प सुरू केला आणि समांतर चालणारं लॉजिक प्रोग्रॅमिंग त्याचा पाया ठरवला. समांतर चालवण्यासाठी त्यांनी बॅकट्रॅकिंग सोडलं: एकदा वाट निवडली की मागे फिरायचं नाही. संशोधन उत्तम झालं, पण लोक ज्या गुणासाठी प्रोलॉगकडे आले होते तोच त्यात उरला नाही, असं माझं मत आहे. दुसऱ्या टोकाला स्वीडनमध्ये एरिक्सनच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एर्लांग ही भाषा घडवली. तिचा पहिला इंटरप्रिटर प्रोलॉगमध्येच लिहिलेला होता. पुढे ती वेगळी झाली, पण कॅपिटल अक्षराने सुरू होणारे चल, एकदाच मिळणारी किंमत, स्वल्पविराम आणि शेवटचा पूर्णविराम, हे माहेरचं सगळं तिने जपलं. त्यांनीही बॅकट्रॅकिंगचा शोध सोडला. पण त्यांना तो नकोच होता, हवे होते ते प्रोसेस आणि त्यांच्यातले निरोप.

चलांवर बंधनं घालून ती सोडवणारं कन्स्ट्रेंट लॉजिक प्रोग्रॅमिंग (जाफर आणि लासेझ, १९८७), नियमांत बसणारे उत्तरांचे संच शोधणारं आन्सर सेट प्रोग्रॅमिंग (गेल्फाँड आणि लिफ्शिट्झ, १९८८) आणि नियमांना संभाव्यता जोडणारं प्रॉबलॉग (बेल्जियमचं लुव्हेन विद्यापीठ, २००७) ही आणखी तीन मोठी दालनं. वेळापत्रकं आणि नियोजनाचे प्रश्न पहिल्या दोहोंत येतात. तिसऱ्याची न्यूरल नेटवर्कशी सांगड घालण्याचं काम सध्या जोरात आहे.

आता पीएचडी. आयसीएलपी ही या विषयाची मुख्य परिषद दरवर्षी भरते. २००३ च्या डिसेंबरात ती मुंबईत झाली होती. तिचे गेल्या काही वर्षांचे पेपर चाळा, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रोग्रॅमिंग भाषांच्या आणि डेटाबेसच्या परिषदांतही हेच काम वेगळ्या नावाने छापून येतं. गाइड निवडताना 'लॉजिक प्रोग्रॅमिंग' हे नाव शोधू नका. प्रोग्रॅम अ‍ॅनालिसिस, टाइप सिस्टिम, क्वेरी प्रोसेसिंग किंवा व्हेरिफिकेशन करणारे प्राध्यापक शोधा. नुसता 'नवीन प्रोलॉग बनवतो' असा प्रस्ताव घेऊन जाऊ नका, एवढं कळकळीने सांगते.

एखादा जिवंत प्रश्न हवा असेल तर माझ्या कामातलाच देते. लाखो ओळींच्या कोडवर डेटालॉगचे नियम चालवून निष्कर्ष काढले, आणि मग कुणीतरी एक ओळ बदलली. सगळं पुन्हा चालवायचं नसेल तर काय? तथ्य वाढलं तर सोपं आहे, त्यातून निघणारे नवे निष्कर्ष तेवढे जोडायचे. तथ्य गेलं की अवघड होतं, कारण त्यावर उभा असलेला निष्कर्ष दुसऱ्याही मार्गाने सिद्ध होत असू शकतो. आशिष गुप्ता, इंदरपाल मुमिक आणि व्ही. एस. सुब्रमण्यम यांनी १९९३ मध्ये दिलेला उपाय असा: संशयित सगळं आधी काढून टाका, मग जे दुसऱ्या मार्गाने सिद्ध होतं ते परत आणा. रिकर्सिव्ह नियमांत या पद्धतीने कधी कधी जवळजवळ सगळंच पुसून पुन्हा काढावं लागतं, आणि एडिटरमध्ये टाइप करणारा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. यावर डिफरन्शियल डेटाफ्लोसारखे नवे मार्ग आले आहेत, पण ते मेमरी फार खातात. तुमच्याकडे एमसीएचा प्रकल्प अजून बाकी असेल, तर पूर्वजांच्या त्या दोन नियमांसाठीच हे करून बघा: हजारभर 'पालक' तथ्यं घ्या, मधलं एक काढा, आणि किती निष्कर्ष विनाकारण पुसले जाऊन परत आले ते मोजा.