टायमिंग चेन एक दात पुढे घेतली तर पिकअप वाढतो का?

तुमची बाईक १५० सीसीची, एकाच कॅमची (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). टायमिंग चेन एक दात पुढे बसवली की पिकअप वाढतो असं मेकॅनिक म्हणतोय, आणि करावं का असं तुम्ही विचारलंय. करू नका.

टायमिंग चेन क्रँकवरून (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) कॅम फिरवते, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. कॅमच्या स्प्रॉकेटला (चेन बसते त्या दातेरी चक्राला) ३० दात धरले तर एक दात म्हणजे कॅमवर १२ अंश आणि क्रँकवर तब्बल २४. ट्यूनिंग चालतं क्रँकच्या २ ते ४ अंशांत. २४ अंशांनी इंजिन धड आयडलिंगलाही राहणार नाही, शिवाय व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकायची भीती.

दिशा मात्र मेकॅनिकने बरोबर सांगितली आहे. पिस्टन तळाला पोचून वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला जोर असतो, त्यामुळे ती तेवढ्या वेळातही भरत राहते. कमी आरपीएमला तो जोर नसतो आणि भरलेली हवा परत मागे ढकलली जाते. कॅम थोडा पुढे घेतला की हा व्हॉल्व्ह लवकर मिटतो, खालचा टॉर्क वाढतो आणि वरचा दम कमी होतो. मागे घेतला तर उलट. तुमच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह एकाच कॅमवर आहेत, म्हणजे एक्झॉस्टही सोबत सरकणार. ते वेगवेगळे हलवायचे तर डबल कॅमचं इंजिन हवं.

खरंच करायचं असेल तर स्प्रॉकेटची बोल्टची भोकं लांबट करून घ्यावी लागतात. क्रँकवर डिग्रीची चकती लावायची. टॉप, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, मॅग्नेटवरच्या (क्रँकच्या टोकाच्या चाकावरच्या) खुणेवरून धरू नका. प्लगच्या भोकातून स्टॉपर घाला, क्रँक हाताने हळूच दोन्ही बाजूंनी फिरवा, पिस्टन जिथे जिथे अडेल ते आकडे लिहा; त्यांच्या बरोबर मधे खरा टॉप. मग व्हॉल्व्हवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं माप) ठेवून तो १ मिमी उघडतो आणि मिटताना परत १ मिमीवर येतो, ते दोन्ही अंश नोंदवा. हे मूळ सेटिंगचे आकडे हातात असल्याशिवाय काहीच हलवू नका. हलवल्यावर पिस्टनवर क्ले (मऊ माती) चिकटवून, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि दबलेली क्ले कापून मोजा. इनटेकला दीड आणि एक्झॉस्टला २ मिमीपेक्षा कमी जागा मी ठेवत नाही. कॅम पुढे घेतल्यावर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, म्हणून तो आधी बघा.

पण त्याआधी चेन तपासा. जुनी चेन लांबते तशी कॅम आपोआप मागे पडतो आणि खालचाच पिकअप जातो. टॅपेट (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट) घट्ट असतील तर व्हॉल्व्ह उशिरा मिटतात, परिणाम तोच. नवी चेन, ती ताणून धरणारा चांगला टेन्शनर आणि थंड इंजिनवर फिलर गेजने (फट मोजायच्या पट्ट्यांनी) लावलेले टॅपेट, एवढं करून गाडी चालवून बघा. त्यानंतरही कमी वाटलं तर स्प्रॉकेट लेथवाल्याकडे न्या.