हत्तीपाय असलेल्या घरी गेली का आधी बोटांच्या बेचक्या बघजो

ताई तू नवीनच आशा म्हणून लागली, हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायले जाशील तं लोक म्हणतीन मले काही झालं नाही मंग गोळी काऊन खाऊ. त्याइले सांगजो का हत्तीरोगाची कृमी क्युलेक्स डासातून येते अन् लसिकावाहिन्यांत, म्हंजे अंगातलं जास्तीचं पाणी (लसिका) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, वर्षानुवर्षे चुपचाप राहते, सूज लय मागून दिसते. गोळी आपल्यासमोरच खाऊ घालजो, उपाशीपोटी नाही, अन् २ वर्षांखालचं लेकरू, गरोदर बाई, लय बिमार माणूस यायले नाही.

पण ज्याचा पाय आधीच सुजला त्याच्याकडं जास्त लक्ष दे, ह्या कामाले कोणी मोजतच नाही. लसिकेले हृदयासारखा पंप नसते, ते हालचालीनं अन् वाहिन्या आकसून वर सरकते, वाट बिघडली का पाणी साचते अन् बॅक्टेरियाशी लढाई कमजोर पडते, मंग रोवणीच्या चिखलात बेचक्यात चिरा पडल्या का तिथूनच बॅक्टेरिया घुसते, थंडी वाजून ताप, जांघेत अवधान म्हंजे सुजलेली गाठ, पाय लालबुंद! अन् असे अटॅक येत गेले का सूज वाढतच जाते. म्हणून रोज साबण अन् साध्या पाण्यानं धुणं, बेचक्या कोरड्या पुसणं, बसल्यावर पाय उंच ठेवणं, हे स्वतः करून दाखव. ताप असला तं पाय चोळू नको देऊ, सरळ पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पाठव.