तेरजेतला फरक

"मॅडम, कोर्स सोडायचाय. अर्ज कुठे मिळतो तेवढं सांगा."

खुर्चीच्या कडेवर टेकून, बॅग मांडीवरच ठेवून ती बोलत होती. बिझनेसच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला येऊन तिला अडीच महिने झाले होते. (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत आणि लिहायला तिची परवानगी आहे.) कारण विचारल्यावर जे ऐकलं ते दर वर्षी नव्या तोंडून ऐकते. गणित कच्चं, घरात कुणीच व्यवसायातलं नाही, वर्गातल्या अर्ध्या मुलांना सगळं आधीच येतं. "माझं डोकंच धंद्याचं नाही."

पहिल्या भेटीत मी चूक केली. आत्मविश्वास, सुरुवातीला सगळ्यांना जड जातं वगैरे बोलले. तिनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात तोच अर्ज मागायला परत आली. तेव्हा कुठे मी विचारलं, "नेमकं कशात अडतं? वही आण."

तिच्या गुणांची यादी पाहून मीच चक्रावले. विपणनात उत्तम, व्यवसाय संवादात वर्गात दुसरी, अर्थशास्त्र ठीकठाक. रडगाणं सगळं एकाच विषयाचं होतं, जमाखर्चाचं. त्यातही तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळत नाही एवढंच. पण 'तेरीज जुळत नाही'पासून 'डोकंच धंद्याचं नाही'पर्यंत ती एका रात्रीत पोचली होती.

मी हिशेबनीस नाही. हा विषय मीही एकदा रडतखडतच पास झाले होते. तरी तिची वही उघडली. अक्षर सुरेख, रकाने पट्टीनं आखलेले, आणि तळाशी लाल शाईत : नावे बाजू २,४८० ने जास्त. खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पुन्हा बेरीज केली. पुन्हा केली.' पाच वेळा. तीन रात्री बेरजाच तपासत होती बिचारी, आणि बेरजा बरोबरच होत्या.

मला आमच्या सरांची एक युक्ती आठवली. फरक निम्मा करायचा आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधायची, कारण जमेची रक्कम नावे पडली तर फरक दुप्पट दिसतो. निम्मे म्हणजे १,२४०. ती पानं उलटत गेली आणि वीजबिलावर थांबली. वीजबिल बँकेतून भरलेलं. वीजखर्च नावे, बरोबर. आणि बँक? तीही नावे.

"बँक नावे का?"

"पैसे गेले ना. मोबाइलवर मेसेज येतो की, खात्यातून रक्कम डेबिट झाली."

मी दोन मिनिटं गप्प बसले, कारण तिचा तर्क चुकीचा नव्हता. तो मेसेज बँकेच्या वहीतून बोलतो. आपण ठेवलेले पैसे म्हणजे बँकेच्या दृष्टीनं तिनं आपल्याला द्यायचं देणं. आपण पैसे काढले की बँकेचं देणं कमी होतं, म्हणून तिच्या वहीत आपलं खातं डेबिट. आपल्या वहीत मात्र बँकेतली शिल्लक ही मालमत्ता. ती घटली की बँक खातं जमा. व्यवहार एकच, वह्या दोन, आणि बाजू उलट्या. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं तेव्हा ती मागच्या बाकावर आपण कसे मठ्ठ आहोत याचा विचार करत असावी. चिंतेचा हा एक त्रास असतोच, ऐकण्याची जागा ती खाऊन टाकते.

तिनं खोडलं नाही. बाजूला लिहिलं : 'कुणाची वही?'

गणिताचं भूतही जरा उजेडात आणलं. या पातळीवर लागतं ते शेकडेवारी, गुणोत्तर आणि साधी बेरीज-वजाबाकी. तिला सगळ्यात भीती होती ना-नफा-ना-तोटा बिंदूची. स्थिर खर्च १२,०००, एक वस्तू ५० ला विकली जाते आणि तिच्यावर बदलता खर्च ३०. म्हणजे प्रत्येक वस्तू २० देते. १२,००० भागिले २०, ६०० वस्तू विकल्या की खर्च भरून निघाला. "एवढंच?" म्हणाली. एवढंच. खरं कौशल्य कुठला खर्च स्थिर आणि कुठला बदलता हे ओळखण्यात आहे, आणि तो भाषेचा, वाचनाचा प्रश्न आहे.

घरात कुणी व्यवसायातलं नाही, यावर मी तिला लुका पाचोलीबद्दल सांगितलं. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्हीकडे लिहिण्याची रीत, १४९४ मध्ये छापील पुस्तकात नीट मांडली ती या माणसानं. तो व्यापारी नव्हता. गणित शिकवणारा फ्रान्सिस्कन साधू होता. ती पहिल्यांदा हसली.

सगळ्यांना मी थांबच म्हणते असं नाही. त्याच सत्रात एक मुलगा आला होता. त्याचं काही अडत नव्हतं, गुणही बरे होते, पण कुठल्याच विषयाचं पुस्तक तो परीक्षेशिवाय उघडत नव्हता आणि बोलायला लागला की फक्त झाडांबद्दल बोलायचा. त्याला अर्ज मीच काढून दिला. अडतंय आणि नकोय, यात फरक आहे, आणि तो बहुधा पहिल्या भेटीत कळत नाही. तिला मी एवढंच म्हटलं की अर्ज कपाटात आहे, पळून जात नाही. सत्र संपेपर्यंत आठवड्यातून एकदा वही घेऊन ये.

ती चार वेळा आली. दुसऱ्यांदा नवीनच पेच. उदाहरणातल्या दुकानाला नफा झालाय आणि तिजोरी रिकामी, म्हणजे आपलंच चुकलं असणार! तिचं काही चुकलं नव्हतं. उधारीवर विकलेला माल नफ्यात धरला जातो, पैसे नंतर येतात. नफा आणि रोकड वेगळे, हे तिनं स्वतः शोधलं होतं, फक्त चूक समजून.

पाचव्या आठवड्यात ती दारातूनच डोकावली. आत दुसरी मुलगी बसलेली.

"मॅडम, फरक ६३ आहे. नऊनं भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत. ८१ चे १८ वगैरे. बघते."

बसायला सांगायच्या आत गेलीसुद्धा.