एक्सेल उघडलं की धडधडतं

‘या वयात कॉम्प्युटरचं मला जमायचं नाही,’ हे शिक्षकांकडून मी वरचेवर ऐकते. तासगाव तालुक्यातल्या प्राथमिक शाळेतल्या एका बाईंचं प्रकरण जरा पुढं गेलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) ‘माहिती एक्सेलमध्ये पाठवा’ असा मेसेज ग्रुपवर पडला की त्यांची झोप उडायची. शीट भरून द्यायचे शाळेतले तरुण सर. ‘द्या बाई इकडं, दोन मिनिटांचं काम!’

मला अडचण त्या दोन मिनिटांतच दिसली. धास्तीचं काम दुसऱ्यानं उचललं की हायसं वाटतं, आणि पुढच्या खेपेला धास्ती आणखी वाढते. सर मनानं चांगले होते, पण दर वेळी बाईंना सोडवून ते भीतीच पोसत होते.

नेमकं काय होईल असं वाटतं, ते विचारलं. ‘मॅडम, पोरांचे खाते नंबर मी नीट बघून टाकले होते. आपोआप बदलले हो! सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली.’ बाईंचं खरं होतं. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच धरतं, सोळाव्या अंकाच्या जागी शून्य येतं. सुरुवातीची शून्यं गळतात. बारा अंकी आधार क्रमांक तर भलत्याच रूपात दिसतो. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मग नंबर टाकायचे, एवढं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षणात पडद्यावर एकाचा माऊस फिरतो, बाकीचे बघत बसतात. त्यातून कुणाचा हात बसायचा?

शाळेची शीट आम्ही बाजूलाच ठेवली. बाईंची भिशी होती, तिचा हिशेब घेतला. बेरीज आधी तोंडी करायची, मग ऑटोसमनं, म्हणजे एक्सेलच्या आपोआप बेरजेनं, ताळा. त्यानंतर मी मुद्दाम बिघडवायला लावलं: फक्त रकमेचा रकाना निवडून सॉर्ट करा, एक्सेल सावध करेल तरी पुढं जा. नावं एकीकडं, पैसे भलतीकडं. बाईंचा चेहरा उतरला. ‘आता कंट्रोल झेड.’ सगळं जागेवर. हे त्यांनी घरी कंटाळा येईपर्यंत केलं. मला तो कंटाळाच हवा होता. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलं, की ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः करून पाहिल्यानं येतो. नुसतं ‘जमेल हो तुम्हाला’ म्हणून धीर देणं त्यापुढं फिकं पडतं.

सरांनाही निरोप धाडला: तोंडानं सांगा, माऊसला हात लावू नका. त्यांना हे बाईंपेक्षा जड गेलं असावं.

वार्षिक निकालाला आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचे गुण बाईंनी स्वतः भरले. मूळ फाईल जपून, कॉपीवर. श्रेणी काढायचा फॉर्म्युला मात्र अजून सरांकडूनच घेतात. ‘तेवढ्यासाठी नाही बाई डोकं शिणवायचं मला,’ म्हणाल्या. मीही आग्रह धरला नाही.