कर्करोग संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर अनुदान आणि फेलोशिप कशा शोधाव्यात?

शोधाची सुरुवात योजनांच्या याद्यांपासून करण्याऐवजी आपल्या विषयात नुकतेच प्रसिद्ध झालेले चांगले शोधनिबंध उघडून त्यांच्या शेवटी दिलेला आभार-निर्देश वाचावा. प्रथम लेखक पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर काही वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारा) असेल, तर त्याला कोणत्या संस्थेची फेलोशिप मिळाली होती हे तिथेच बहुधा नावानिशी सापडते. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेच्या ‘रिपोर्टर’ या खुल्या संकेतस्थळावर मंजूर प्रकल्पांचे सारांशही वाचता येतात, आणि आपला प्रस्ताव कुठे बसेल याचा अंदाज त्यावरून योजनेच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक चांगला येतो, असे माझे मत आहे.

त्यानंतर पात्रतेच्या अटी तपासाव्यात, कारण चांगले अर्ज अनेकदा इथेच बाद होतात. पोस्टडॉकला स्वतंत्र संशोधक होण्यासाठी मिळणारे ‘के९९/आर००’ हे एनआयएचचे अनुदान अमेरिकी नागरिक नसलेल्यांनाही खुले आहे, मात्र त्याला पोस्टडॉक अनुभवाची कमाल मर्यादा आहे. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपमध्ये यजमान देशात मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य नसावे लागते, म्हणजे आधी तिथे जाऊन मग अर्ज करू म्हणणाऱ्याची पंचाईत होते. प्रसूती किंवा आजारपणामुळे खंड पडला असल्यास अनेक योजना पात्रतेच्या कालमर्यादेत सवलत देतात; ती मागण्यात संकोच करू नये.

एखादे तंत्र शिकण्यापुरते काही आठवडे परदेशी प्रयोगशाळेत जायचे असेल, तर यूआयसीसी या कर्करोग नियंत्रणासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अल्पमुदतीच्या फेलोशिपही पाहाव्यात.