स्टेशन हातात आलंय, आता पुढच्या वर्षाचं बघ

अरे, तुझा मेसेज वाचला आणि खरंच खूप आनंद झाला. युनिव्हर्सिटीच्या टीव्ही स्टेशनचा स्टेशन मॅनेजर, तेही दुसऱ्याच वर्षाला! तू यादी पाठवलीस, नवीन कॅमेरा, ड्रोन, नवा लोगो, स्टुडिओला रंग, आणि विचारलंस की यातलं आधी काय करू. ती यादी मी तीनदा वाचली, आणि एक गोष्ट त्यात मला कुठेच दिसली नाही ती म्हणजे तू पास होऊन गेल्यावर हे सगळं कोण चालवणार. म्हणून उत्तर जरा लांबतंय, सवडीने वाच.

मी आमच्या स्टेशनची हेड होते तेव्हा सगळं माझ्या डोक्यात असायचं. स्विचरला, म्हणजे कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते बदलणाऱ्या यंत्राला, कुठली केबल कुठे लागते, कुठला लेपल माइक (कॉलरला लावायचा छोटा माइक) मधेच खरखरतो, स्टुडिओची चावी कुणाकडून घ्यायची, चॅनेलचा पासवर्ड काय, सगळं. लोक म्हणायचे तुझ्याशिवाय स्टेशन चालूच शकत नाही आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. मग मी पास झाले, काही महिन्यांनी माझा स्टुडंट ईमेल बंद झाला, आणि चॅनेलचं अकाउंट त्याच ईमेलवर होतं. माझ्यानंतरच्या पोरांनी पासवर्ड बदलायचा प्रयत्न केला तर कोड येणार तो बंद पडलेल्या ईमेलवर. हार्ड डिस्कवर लेबल नाहीत, कोणत्या डिस्कवर काय आहे ते फक्त मला माहीत. आठ महिने स्टेशनवरून एकही कार्यक्रम गेला नाही आणि जी चार-पाच पोरं उत्साहाने आली होती ती दुसऱ्या क्लबात गेली. हे माझ्यामुळे झालं. आजही आठवलं की वाईट वाटतं.

ग्लासगो युनिव्हर्सिटीचं स्टुडंट टेलिव्हिजन 1964 साली सुरू झालं, ब्रिटनमधलं सगळ्यात जुनं. यॉर्कचं 1967 चं. तिकडच्या अशा स्टेशनांची मिळून एक संघटना पण आहे, नॅस्टा म्हणतात, ती 1973 पासून. आता विचार कर, विद्यार्थी जास्तीत जास्त चार वर्षं राहतो, म्हणजे ग्लासगोत आतापर्यंत पंधरा पिढ्या तरी येऊन गेल्या, टेप गेल्या, फाइल आल्या, कॅमेरे तर किती बदलले असतील, आणि स्टेशन चालू आहे. याच्या उलट अमेरिकेतल्या मिझुरी युनिव्हर्सिटीचं कोमू हे टीव्ही स्टेशन, 1953 पासूनचं, तिथे विद्यार्थी न्यूजरूममध्ये काम करतात पण सोबत कायमचे पगारी लोक असतात, एक बॅच गेली तरी माहिती जात नाही. तुझ्याकडे पगारी कुणी नाही. त्यामुळे स्टेशनची आठवण कुठे ठेवायची हे तुलाच ठरवायला लागणार, आणि या वर्षातलं ते तुझं सगळ्यात मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं. ड्रोन नंतर बघू.

या आठवड्यात एवढं कर. स्टेशनच्या नावाने एक ईमेल काढ, कुणाच्याही वैयक्तिक नावाचा नको, आणि सगळी अकाउंट त्याच्यावर आण, रिकव्हरीचा फोन नंबर दरवर्षी बदलायचा हे कुठेतरी ठळक लिहून ठेव. मग मोबाइल घेऊन पीसीआरमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, जा आणि स्विचरच्या मागच्या बाजूचे फोटो काढ, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना टेप लावून नंबर टाक. एक वही ठेव, हो, कागदाची, कारण लाइव्हच्या पाच मिनिटं आधी काही बंद पडलं की ड्राइव्हमधलं फोल्डर शोधायला कुणालाही सुचत नाही. त्या वहीत काय बिघडलं आणि कशाने ठीक झालं एवढंच लिहायचं, तारीख टाकून.

आणि निवडणूक वर्षाच्या शेवटी ठेवू नकोस. सगळे हीच चूक करतात, परीक्षा तोंडावर आली की नवी कमिटी निवडतात, एक फोटो काढतात, आणि जुने लोक गायब. परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी नवे लोक निवड आणि उरलेल्या काळात त्यांना चालवू दे, तू मागे खुर्ची टाकून बस. चुकतील, बसू दे चुकत, तू अजून तिथे आहेस तोवर चुकलेलं बरं.

आता सामानाचं. तुझ्याकडे जे कॅमेरे आहेत ते पुरेसे आहेत, पैसे आवाजावर घाल. चित्र थोडं डगमगलं तरी लोक बघतात पण बोलणं कळलं नाही की दहा सेकंदात बंद करतात. कॅमेऱ्यावरचा माइक फक्त आधाराला ठेव, माणसाला लेपल लाव किंवा गन माइक (लांब नळीसारखा, समोरचाच आवाज पकडणारा) तोंडाच्या जितका जवळ नेता येईल तितका ने. बोलण्याची लेव्हल उणे 12 डेसिबलच्या आसपास खेळू दे, शून्याला लागली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट परत येत नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या कानाला हेडफोन पाहिजेच, मीटर हलतोय म्हणजे आवाज चांगला येतोय असं नसतं, कपड्याची घासाघास पण मीटर हलवते. प्रत्येक जागेवरचा तीस सेकंद नुसता शांत आवाज रेकॉर्ड करून ठेव, एडिटला बसलास की कळेल का सांगितलं.

स्टुडिओत चित्र लुकलुकतंय म्हणालास ना, तो कॅमेऱ्याचा दोष नसावा. वीज 50 हर्ट्झची असेल तर साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, आपल्या डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. तिथे 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेव. वीज 60 हर्ट्झची असेल तर 30 फ्रेम आणि 1/60. सगळ्या कॅमेऱ्यांवर एकच सेटिंग, एकच व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा याची सेटिंग), ऑटो बंद. नाहीतर कॅमेरा बदलला की अँकरचा चेहरा एकदा पिवळा दिसतो, एकदा निळा.

जागेचा हिशोब पण आधीच कर. 50 मेगाबिटवर रेकॉर्ड केलंस तर तासाला साधारण साडेबावीस जीबी होतात, चार कॅमेरे दोन तास चालले की 180 जीबी. हे आधी कुणी मोजत नाही, मग कार्ड भरतं आणि कार्यक्रमाच्या मधेच कुणीतरी घाईघाईत जुनं फुटेज उडवतं. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हा नियम अगदी कडक ठेव आणि स्वतःही पाळ. गाणी मात्र कुठलीही उचलून लावू नका, हक्क नसलेलं संगीत लावलं की व्हिडिओचा आवाज बंद होतो नाहीतर व्हिडिओच उडतो. तुमच्या युनिव्हर्सिटीत वाजवणारी पोरं असतीलच, त्यांच्याकडून सिग्नेचर ट्यून करून घ्या आणि वापरायची परवानगी लेखी घ्या.

लाइव्ह कर, पण लहानापासून. पहिलं बुलेटिन दहा मिनिटांचं पुरे. ओबीएस हे लाइव्ह स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं आहे, त्यावर शिकून घ्या. नेट वायफायवर नको, वायर लाव, आणि स्ट्रीमला जेवढा वेग लागतो त्याच्या दुप्पट अपलोड मिळतोय ना ते कार्यक्रमाच्याच वेळेला आदल्या दिवशी तपास, कारण दुपारी रिकाम्या वेळेला सगळीकडेच नेट छान चालतं. टॉकबॅकवर, म्हणजे टीमच्या हेडफोनमधल्या आतल्या लाइनवर, एकच माणूस बोलेल, डायरेक्टर. बाकी सगळे गप्प, कितीही महत्त्वाचं वाटलं तरी. "स्टँडबाय दोन, टेक दोन", असं आधी सावध करून मग कट घ्यायचा, नाहीतर कॅमेरावाला अजून फ्रेम लावत असतो आणि तोच शॉट हवेत जातो. फ्लोअर मॅनेजरने, म्हणजे स्टुडिओत अँकरला खुणा करणाऱ्याने, उलटी मोजणी करताना शेवटचे दोन आकडे तोंडाने म्हणायचे नाहीत, बोटांनी दाखवायचे. आणि रनडाउनमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमवार यादीत, प्रत्येक आयटमचा वेळ स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचून काढ, अंदाजाने नको, मनातल्या मनात वाचताना आपण सगळेच भरभर वाचतो.

हे सगळं शिकता येतं रे. खरं अवघड पुढे आहे आणि त्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस.

तुमचं बजेट स्टुडंट युनियन देते, बरोबर? आणि युनियनच्या निवडणुकीचं कव्हरेज पण तुम्हीच करणार. आमच्याकडे एकदा पहिल्या वर्षाच्या एका मुलीने हॉस्टेलच्या पाण्यावर चार मिनिटांचं पॅकेज, म्हणजे एडिट केलेली तयार बातमी, केलं होतं, छान केलं होतं, टाकीवर चढून शूट केलं, सहा जणांच्या बाइट (कॅमेऱ्यावरच्या प्रतिक्रिया) घेतल्या, पीटीसी (रिपोर्टरने कॅमेऱ्याकडे बघून बोलणं) तर मी तिसऱ्या वर्षाला पण तसा करू शकले नसते. संध्याकाळी ते गेलं आणि रात्री मला फोन आला, एका पदाधिकाऱ्याचा, की हे काढ नाहीतर पुढचं बजेट अवघड आहे. मी काढलं. सगळ्यांना सांगितलं की फाइल खराब झाली होती. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही आणि नंतर स्टेशनवर कधी आलीच नाही. त्या पॅकेजमध्ये एक शब्दही खोटा नव्हता.

त्या रात्री माझ्याकडे दाखवायला काही लिहिलेलं नव्हतं म्हणून मी एकटी पडले. तू आत्ताच लिहून घे, भांडण व्हायच्या आधी, सगळे खूश असतात तेव्हा सह्या पटकन होतात. गेलेली बातमी फक्त तथ्य चुकलं असेल तर किंवा कुणाला धोका असेल तर काढायची किंवा बदलायची, एकट्या स्टेशन मॅनेजरने ठरवायचं नाही, दोघांनी तरी मिळून, आणि काय बदललं ते प्रेक्षकांना सांगायचं. ज्याच्यावर बातमी आहे त्याला प्रसारणाच्या आधी विचारायचं, उत्तराला खरोखरचा वेळ द्यायचा, कधी विचारलं त्याची नोंद ठेवायची. निवडणुकीत ज्याचा रूममेट उभा आहे त्याने ती बातमी करायची नाही, उमेदवार स्वतः टीममध्ये असेल तर निकालापर्यंत त्याला सुट्टी. सगळ्या उमेदवारांना सारखा वेळ. आणि स्टेशनला सल्ला देणारे एक प्राध्यापक असतील तर त्यांच्याशी आत्ताच बसून बोल, फोन आला की पहिल्यांदा कुणाला सांगायचं ते ठरव. कदाचित त्या रात्री मी कुणालातरी उठवून विचारलं असतं तर ते पॅकेज आज पण चॅनेलवर असतं.

याची दुसरी बाजू पण आहे. तुम्ही ज्यांची बाइट घेता ती एकोणीस-वीस वर्षांची पोरं असतात, कॅमेरा समोर आला की भरभरून बोलतात, आणि तो व्हिडिओ पुढे कित्येक वर्षं त्यांच्या नावाने सापडत राहतो, नोकरीच्या वेळेला सुद्धा. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करून आधी नाव विचार, कशासाठी घेतोय आणि कुठे दिसणार ते सांग, होकार कॅमेऱ्यावर घे. कुणी रडायला लागलं तर कॅमेरा खाली. रॅगिंग, तब्येत, घरची परिस्थिती असं काही असेल तर दोन दिवसांनी परत विचार की अजून चालेल ना. नाही म्हणाले तर बातमी गेली, जाऊ दे. असं सांभाळून वागलात ना की पुढच्या वेळी लोक स्वतः येऊन सांगतील.

माणसांचं एक सांगते आणि थांबते. सगळ्यांना अँकर व्हायचं असतं, पहिल्या महिन्यात तीस जण येतील आणि साउंडला कुणी हात लावणार नाही. प्रत्येकाने दोन आठवडे प्रत्येक जागेवर बसायचं असं कर, अँकरने पण केबल गुंडाळायची, नीट, ओव्हर-अंडर (एक वेढा सरळ, एक उलटा), कोपरावर नाही. नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात हवेत जाणारं काहीतरी दे, तीस सेकंदांचं का असेना, आणि शेवटी त्याचं नाव क्रेडिटमध्ये बरोबर लिही. मीटिंगमध्ये नुसती बसवलेली पोरं परत येत नाहीत. आणि तू स्वतः रोज रात्री दोनपर्यंत एडिट करू नकोस, तुला येतं म्हणून तूच करत राहिलास तर बाकीच्यांना कधीच येणार नाही.

पहिल्या बुलेटिनचा रनडाउन तयार झाला की पाठव, वेळा मोजून बघते. आणि त्यात तुझ्या जागी बसून डायरेक्ट करू शकेल अशा पहिल्या वर्षाच्या एकाचं तरी नाव लिहून पाठव.