सॉफ्टवेअर बदलून गिअरबॉक्सचा दोष जातो का?

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. माझ्या नवऱ्याने २०१३ मॉडेलचा फोर्ड एफ-१५० पिकअप सेकंडहँड घेतला. या मॉडेलच्या गिअरबॉक्ससाठी रिकॉल (कंपनीने दोष काढायला गाड्या परत बोलावणं) निघाल्याचं परवा शेजाऱ्यांकडून कळलं. आम्हाला पत्र आलेलं नाही. डीलर म्हणतो, एकही पार्ट बदलायचा नाही, फक्त सॉफ्टवेअर अपडेट होईल. नवरा म्हणतो, गाडी उत्तम चालते, मग एक दिवसाची मजुरी कशाला बुडवायची? ही नुसती धूळफेक तर नाही ना?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : ताई, धूळफेक नाही. या आठवड्यातच गाडी घेऊन जा.

मी पिंपरीत गिअरबॉक्सच्या चाचणी विभागात नोकरी केली, त्यामुळे हा दोष वाचताना माझ्या अंगावर काटा आला. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट किती वेगाने फिरतोय, हे एक सेन्सर कॉम्प्युटरला सांगत असतो. या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तो सिग्नल मधूनच तुटू शकतो. मग कॉम्प्युटर गाडी थेट पहिल्या गिअरवर आणू शकतो, ताशी ६५ मैलांवर असतानासुद्धा. मागची चाकं एकदम आखडतात. पिकअपचा हौदा रिकामा असेल तर मागच्या बाजूला वजन नसतं, त्यात रस्ता ओला असला की गाडी घसरायला वेळ लागत नाही. शिवाय ब्रेकवर पाय नसल्याने ब्रेकचे लाल दिवे लागत नाहीत. मागून येणाऱ्याला काही कळतच नाही. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याची.

सिग्नल तुटला तरी पहिला गिअर पडू द्यायचा नाही, हे काम नवीन सॉफ्टवेअर करतं. जीव धोक्यात येतो तो पहिला गिअर पडल्यामुळे, म्हणून ही खरी दुरुस्ती आहे. खोटी दुरुस्ती कशी असते, तेही सांगतो. १९८० मध्ये याच कंपनीच्या ऑटोमॅटिक गाड्या ‘पार्क’मधून आपोआप ‘रिव्हर्स’मध्ये जातात, अशा तक्रारींवर सरकारशी तडजोड झाली आणि सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना पोस्टाने इशाऱ्याचे स्टिकर पाठवले गेले. गिअरबॉक्सला कुणी हातही लावला नाही. तुम्हाला स्टिकर दिला असता, तर मीच भांडा म्हटलं असतं.

‘उत्तम चालते’ यावर जाऊ नका. हा दोष आधी सूचना देईलच असं नाही. कंपनीने त्यासाठी आधी २०१६ मध्ये काही गाड्या परत बोलावल्या, मग २०१९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या २०११ ते २०१३ मॉडेलच्या सुमारे १४ लाख ८० हजार (तुमची यातली असावी) आणि २०२४ मध्ये २०१४ च्या साडेपाच लाख. एकाच दोषासाठी आठ वर्षांत तीन रिकॉल! मधल्या काळात ज्यांनी त्या गाड्या हायवेवर चालवल्या, त्यांचा विचार कुणी करायचा?

पत्र न येण्याचं कारण साधं असू शकतं : ते रिकॉलच्या वेळी नोंदणीत असलेल्या मालकाला गेलं असेल. विंडशील्डखाली डाव्या कोपऱ्यात १७ अंक-अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, दिसेल. तो सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, संकेतस्थळावर टाका. आधीच्या मालकाने काम करून घेतलं असेल तर तिथे हा रिकॉल बाकी दिसणार नाही. बाकी दिसला तर डीलरने काम फुकट करायला हवं. पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांच्या आत रिकॉल जाहीर झाला असेल तर ते कायद्याने बंधनकारक आहे, आणि तुमच्या गाडीचा रिकॉल त्या मुदतीतच निघाला. रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकायला डीलरला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, तेव्हा विकणाऱ्याच्या तोंडी हमीवर विसंबू नका.

काम होईपर्यंत ट्रेलर जोडू नका आणि पावसात हायवे टाळा. अपडेटनंतर इंजिनचा पिवळा दिवा लागला तर सेन्सर तपासून घ्या. आणि अपडेट केल्याचा कागद डीलरकडून मागून घ्या, त्यावर व्हीआयएन आणि तारीख असू दे.